पटकीच्या जंतूला सांगितलं, वारी भरली

माझ्या नोकरीत दोन पिवळे रंग होते. एक चांगला, एक वाईट.

चांगला पिवळा ओटी चाचणीचा. टँकरच्या तोटीखाली नळी धरायची, खुणेपर्यंत पाणी घ्यायचं आणि त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन शिल्लक आहे, खुशाल प्या. वाईट पिवळा टीसीबीएसच्या प्लेटवरचा. जंतू वाढवायचं हे माध्यम गडद हिरवं असतं. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू त्यातली साखर आंबवतो, आणि सकाळी इनक्युबेटर उघडावा तर हिरव्यावर दोन-तीन मिलिमीटरचे चपटे, चमकदार पिवळे ठिपके दिसतात. सोलापूर जिल्ह्यात पाणी आणि शौचाचे नमुने तपासण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. पहिल्या पिवळ्यासाठी पायपीट केली आणि दुसऱ्याची धास्ती घेतली.

आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे कुणी रजा मागत नसे. पालखीमार्गावरच्या विहिरी, हातपंप, टँकर भरायची ठिकाणं, पंढरपुरात ६५ एकर या वारकऱ्यांच्या तळावरच्या नळांच्या तोट्या. लाखो माणसं चार दिवस एका गावात राहणार, चंद्रभागेत उतरणार. माझी आजी सांगायची की तिच्या तरुणपणी पंढरपुरात शिरताना पटकीची सुई टोचून घ्यावी लागे, आणि तरीही वारीहून परतलेल्या माणसाला जुलाब लागले की गावात चुली थंड पडत. पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचा आणि वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा. रोगाला मारायचं नाही, त्याला वाट दाखवून गावाबाहेर घालवायचं. लहानपणी मला ते नुसतं अज्ञान वाटायचं. आता त्या गाड्याची आठवण वेगळ्या कारणाने येते.

नोकरीतलं एक वर्ष विसरता येत नाही. भीमेकाठच्या एका गावात पाइपलाइनचा सांधा गटारातून गेलेला होता. हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं आणि बरेच दिवस ठाऊक होतं. आमच्याकडे नमुने आले ते तांदळाच्या धुवणासारखे. पेप्टोन वॉटरमध्ये सहा तास ठेवून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली लटकता पाहिला, तर चिलटांचा थवा सुटावा तसे जंतू सैरावैरा पळत होते. पटकीचाच जंतू ओळखणारं अँटिसिरम घातलं, सगळे थबकले आणि गुठळ्या झाल्या. पटकीच. त्या रात्री गावात पाणी शुद्ध करायच्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पोती गेली, सलाइनच्या बाटल्या गेल्या, आणि एक म्हातारे गृहस्थ पाणी चढायच्या आधीच गेले. त्यांची सून दुसऱ्या दिवशी मला विचारत होती, “बाई, एवढ्याशा जंतूला एवढी ताकद येती कुठनं?” तेव्हा मी तिला विषाचं सांगितलं. गर्दीचं सांगता आलं नाही, कारण ते मलाच नीट माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतर भाचीने मला काही शोधनिबंध छापून दिले. ती जैवतंत्रज्ञान शिकते आणि मावशीला वाचायचं वेड आहे हे तिला ठाऊक आहे. त्यात २०१० सालचा एक निबंध होता, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या फापिंग डुआन आणि जॉन मार्च या दोघांचा. तो वाचून मी दुपारचा चहा विसरले. पटकीच्या जंतूला न मारता, नुसती त्याला खोटी बातमी देऊन, उंदराची पिल्लं वाचवता येतात, असं त्यात दाखवलं होतं.

बातमी कसली, ते सांगण्याआधी गणपूर्ती सांगायला हवी.

आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस दरवर्षी तीच असते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल. ठरलेली डोकी जमल्याशिवाय ठराव नाही. जंतूंनाही असा नियम असतो, हे आधी समुद्रातल्या एका चमकणाऱ्या जंतूत कळलं. व्हिब्रिओ फिशेरी त्याचं नाव, पटकीच्या जंतूच्याच गोतातला. जंतू वाढवायच्या ताज्या रश्शात सोडला की तो वाढत राहतो पण उजेड देत नाही. दाटी झाली की एकदम उजळतो. १९७० साली नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी दाखवलं की तो वाढताना स्वतःच एक पदार्थ बाहेर सोडत असतो. एकटा असला तर तो पदार्थ पाण्यात विरून जातो. पुष्कळ असले तर साचतो, आणि एका मर्यादेपलीकडे साचला की उजेडाची जनुकं चालू होतात. दाट वाढलेल्या जंतूंचा रस्सा गाळून, त्यातला जंतू काढून टाकून, नुसतं पाणी विरळ जंतूंना दिलं तरी ते लवकर उजळतात. त्यांना वाटतं, सभा भरली. याला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव १९९४ साली मिळालं.

हवाईच्या किनाऱ्यावर स्क्विड नावाचा एक बोटभर समुद्री प्राणी आहे, त्याच्या पोटाखालच्या खास कप्प्यात हे जंतू राहतात. चांदण्या रात्री त्याची सावली खाली पडू नये म्हणून जंतू खालून उजेड देतात. पहाट झाली की स्क्विड त्यातले पंचाण्णव टक्के जंतू बाहेर टाकतो आणि वाळूत झोपतो. उरलेले दिवसभर वाढतात, संध्याकाळी पुन्हा दाटी, पुन्हा उजेड. म्हणजे जिवंत प्राण्याच्या शरीरात जंतूंच्या गर्दीवर जनुकं चालू-बंद करायची सोय निसर्गाने आधीच करून ठेवलीय. माणसाने केलं ते एवढंच की १९८३ साली ही जनुकं उचलून ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमध्ये घातली, आणि ई. कोलायही उजळला. एकदा हे जमलं की उजेडाच्या जनुकाच्या जागी दुसरं कुठलंही जनुक बसवता येतं. घंटा तीच ठेवायची आणि घंटा वाजल्यावर काय करायचं ते आपण ठरवायचं.

आता पटकी. बहुतेक रोगजंतू गर्दी झाल्यावर हल्ला करतात, आणि ते समजण्यासारखं आहे, थोडे असताना हल्ला केला तर शरीर त्यांना आवरतं. पटकीचा जंतू नेमका उलटा. थोडे असताना तो आतड्याला चिकटतो आणि विष सोडतो. संख्या वाढली की विषाची आणि चिकटण्याची जनुकं बंद करतो, एक वितळवणारं प्रथिन सोडून स्वतःची पकड सोडवतो आणि जुलाबाबरोबर बाहेर पडतो, पुढच्या पाण्याकडे, पुढच्या माणसाकडे. हे २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉनी बॅसलर यांच्या आणि इतर प्रयोगशाळांत उलगडलं. गर्दी मोजायला तो दोन पदार्थ वापरतो. एक सीएआय-१, हा व्हिब्रिओंच्या घरातला. दुसरा एआय-२, हा अनेक जातींचे जंतू बनवतात, जणू बाजारभाषा.

हे वाचताना माझ्या डोळ्यापुढे पंढरपूरच आलं. एकादशीला चेंगराचेंगरी असते, आणि पौर्णिमेला गोपाळकाला झाला की दिंड्या आपसूक परतीला लागतात. कुणी हाकलत नाही. वारी भरली, काला झाला, निघायचं. ज्या जंतूने आमच्या वारीत इतक्या माणसांचा घात केला, तोही आतड्यात आपली वारी भरण्याचीच वाट पाहत असतो.

मग वारी भरल्याचा निरोप त्याला आधीच दिला तर? डुआन आणि मार्च यांनी तेच केलं. निरोप्या निवडला ई. कोलाय निसल १९१७. या जंतूची कुळकथा मला फार आवडते. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरने तो एका सैनिकाच्या शौचातून वेगळा केला. सोबतचे सैनिक जुलाबाने लोळत असताना हा एकटा ठणठणीत होता. आज शंभर वर्षांनंतरही तो जंतू औषध म्हणून विकला जातो. निसल एआय-२ स्वतःच बनवतो. त्याला पटकीच्या जंतूचं सीएआय-१ बनवणारं जनुक दिलं की दोन्ही आवाज तयार.

दोन-तीन दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना हा निसल पाजला आणि आठ तासांनी पटकीचा जंतू दिला. ९२ टक्के पिल्लं जगली. आतड्याला चिकटलेलं विष सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालेलं होतं. निसल आणि पटकी एकाच वेळी पाजले तेव्हा मात्र फायदा फारच थोडा झाला. पाहुणा दारात यायच्या आधी घरात गलका असायला हवा, नंतर करून उपयोग नाही.

मला इथे शंभूनाथ डे आठवतात. १९५९ साली कलकत्त्यात त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात जंतू काढून टाकलेलं गाळीव पाणी घालून दाखवलं की जीव जातो तो जंतू सोडतो त्या विषाने. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे दाखवता आलं नव्हतं ते त्यांनी साध्या सामग्रीवर दाखवलं, आणि आपल्याकडे त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. डे यांचं काम नसतं तर कॉर्नेलच्या प्रयोगाला अर्थच उरला नसता. विष हाच खरा वैरी असेल, तर जंतूला मारण्याचा हट्ट कशाला? त्याने विष सोडायचं थांबवलं तरी म्हातारे गृहस्थ वाचले असते.

सत्तावीस वर्षं टीसीएल हाताळलेल्या बाईने हे लिहावं याचं माझ्या जुन्या सहकाऱ्यांना नवल वाटेल. पण क्लोरीन पाण्यात चालतं, माणसाच्या पोटात नाही. पोटात गेलेल्या जंतूला आपण अँटिबायोटिक देतो, आणि त्याने घरचे-दारचे सगळेच मरतात, शिवाय जे उरतात ते औषधाला पुरून उरतात. निरोप देण्यात असा सरसकट संहार नाही.

दुसरा निबंध वाचताना मात्र हात थरथरला. माझी जाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेली. यकृतात पसरला होता. केमोच्या सुईने तिच्या हातावरच्या शिरा काळ्या पडल्या होत्या. २०१६ साली कॅलिफोर्नियातले जेफ हेस्टी आणि अमेरिकेतल्याच एमआयटीतल्या संगीता भाटिया यांच्या गटांनी नेमक्या ह्याच आजारावर, आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेल्या उंदरांवर, प्रयोग केला. दुबळा केलेला साल्मोनेला हा जंतू घेतला. गाठीच्या आत प्राणवायू कमी असतो आणि शरीराचे पहारेकरी तिथे धड पोचत नाहीत, म्हणून असे जंतू गाठीत आसरा घेतात. त्या साल्मोनेलात तीच फिशेरीची घंटा बसवली, पण घंटा वाजल्यावर उजेड नाही, आत्मनाश. विषाणूचं एक जनुक चालू होतं आणि जंतू फुटतात. फुटताना पोटात साठवलेलं औषध गाठीत सांडतं. थोडे वाचतात, ते पुन्हा वाढतात, पुन्हा दाटी, पुन्हा स्फोट. ठरावीक वेळाने आपोआप डोस. हे जंतू तोंडावाटे दिले, जोडीला नेहमीचं केमोचं औषध दिलं, तर एकट्या एका उपचारापेक्षा उंदीर साधारण दीडपट दिवस जगले. बरे झाले नाहीत, जास्त जगले. उंदीर आणि माणूस यांत अंतर केवढं असतं ते मला कळतं, म्हणून मी हे कुणा रुग्णाच्या नातेवाइकाला आशा म्हणून सांगणार नाही. पण डोसची वेळ आणि जागा शरीराच्या आतच ठरते, बाहेरच्या सुईला ठरवावी लागत नाही, हे वाचलं तेव्हा मला तिचे हात आठवले.

मागच्या पावसाळ्यात माहेरी गेले होते, सांगोल्याकडे. भावाची भगव्या डाळिंबाची बाग आहे. होती म्हणावं का आहे म्हणावं, कारण तेल्याने निम्मी झाडं त्याने उपटून बांधावर जाळली. ज्यांनी तेल्या पाहिला नाही त्यांना सांगते, पानावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग दिसतो, मग फळावर काळपट डाग येऊन साल तडकते. आत दाणे लालबुंद असतात, आणि व्यापारी फळाकडे बघतसुद्धा नाही. हा रोग झँथोमोनास या जंतूचा. पावसाचे थेंब, ओली हवा, छाटणीची कात्री, सगळं त्याला पोचवतं. भावाने पावसाळ्यातला मृग बहार सोडून दिला, कात्री प्रत्येक झाडागणिक औषधात बुडवतो, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारतो. आणि स्ट्रेप्टोसायक्लिनही मारतो. त्यावरून आमचं दरवेळी वाजतं. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयाचं औषध आहे, ते बागेत शिंपडायचं नसतं, असं मी म्हणते. तो म्हणतो, “अक्का, मग हप्ता तू भरतीस का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

त्या दिवशी मी माझा जुना सूक्ष्मदर्शक सोबत नेला होता. डागाच्या कडेचा पानाचा तुकडा ब्लेडने कापून पाण्याच्या थेंबात ठेवला, वर काच ठेवली. कापलेल्या कडेतून जंतूंचा लोट बाहेर येताना दिसतो, धुरासारखा. भावाने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग मी त्याला गणपूर्ती सांगितली. कोबीवर काळा कुजवा आणणारा झँथोमोनास, म्हणजे तेल्याचाच भाऊबंद, डीएसएफ नावाचा मेदाम्ल जातीचा पदार्थ सोडून गर्दी मोजतो. गर्दी झाली की पानाच्या पेशींच्या भिंती विरघळवणारी प्रथिनं आणि एक चिकट डिंक सोडतो. त्या पदार्थाची रचना २००४ साली सापडली.

“म्हंजे ते मोजत्यात व्हय?” तो म्हणाला. “मग त्यांची मोजणी चुकवा की.”

शेतकऱ्याच्या डोक्यात हे एका वाक्यात आलं याचा मला अभिमान वाटला. मोजणी चुकवण्याचे दोन्ही मार्ग लोकांनी झाडांवर करून पाहिलेत. एक, निरोपच पुसून टाकायचा. सिंगापूरच्या लिअन-हुई झांग यांच्या गटाने मातीतल्या बॅसिलस जंतूचं, निरोपाचा पदार्थ तोडणारं जनुक तंबाखूत आणि बटाट्यात घातलं. २००१ साली त्यांनी दाखवलं की कुजवणारा एर्विनिया जंतू त्या झाडांवर बसतो, पण त्याला सभा भरल्याचं कळतच नाही, आणि कूज थांबते किंवा फार हळू होते. दुसरा मार्ग उलटा. द्राक्षवेलीच्या नळ्यांत राहणारा झायलेला हा जंतू डीएसएफ वाढलं की भटकणं सोडून चिकटून बसतो आणि रोग कमी होतो. बर्कलीच्या स्टीव्हन लिंडो यांनी डीएसएफ बनवणारं जनुक द्राक्षवेलीतच घातलं. वेल स्वतः म्हणते, गर्दी आहे, बसा जागेवर.

“आपल्या डाळिंबाला कुठला लागू पडंल?”

हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि इथेच घाई केली तर घात होईल. एकाच घराण्यातला पदार्थ कोबीच्या जंतूला हल्ल्याची हाळी आहे आणि द्राक्षाच्या जंतूला थांबण्याची. गर्दीचा निरोप पटकीला निघून जायचा, फिशेरीला उजेडाचा. निरोप चुकीच्या जंतूला गेला तर आपणच रणशिंग फुंकलं असं होईल. म्हणून तेल्याच्या जंतूचं तेल्याच्या जंतूवरच, डाळिंबाच्या झाडातच, तपासायला हवं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्या सोलापुरात केगावला आहे. झँथोमोनासच्या ह्याच भाषेवर काम करणारी माणसं हैदराबादला आहेत, सोलापूरहून रेल्वेने एका दिवसात पोचता येईल इतक्या अंतरावर. हा प्रश्न आपल्या मातीतला आहे, तो सोडवायला आपल्याच पोरांनी बसावं असं मला मनापासून वाटतं.

भाऊ थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “अन् एखादा बहिरा निघाला तर?”

निघतो. पटकीचा एक जंतू, ज्याची सगळी जनुकं २००० साली पहिल्यांदा वाचली गेली, तोच मुळात बहिरा आहे. गर्दीचा निरोप ऐकून विष बंद करणारं त्याचं जनुक बिघडलेलं आहे. असे बहिरे निसर्गात आणखीही सापडलेत. निसलने कितीही ओरडून सांगितलं तरी त्यांच्यापर्यंत काही पोचणार नाही. कॅन्सरच्या साल्मोनेलातही तीच गोम आहे, फक्त उलट बाजूने. सगळ्यांनी फुटायचं ठरलेल्या गावात जो फुटत नाही त्याचीच पोरं वाढतात, आणि काही पिढ्यांत आपलं यंत्र निकामी होतं. घातलेलं जनुक वाहून नेणंही जंतूला ओझंच असतं, संधी मिळाली की तो ते टाकून देतो. यावर इलाज शोधणं चालू आहे, जनुक गुणसूत्रातच बसवणं, दोन-तीन प्रकारचे जंतू आलटून पालटून वापरणं. पण मी भावाला सरळ सांगितलं की आज तरी बाजारात असलं काही नाही, आणि कुणी असं म्हणून बाटली विकायला आला तर घेऊ नको.

“मग टीसीएलची पोती चालूच ऱ्हाऊ द्या तुमची,” तो म्हणाला, आणि कात्री औषधाच्या बादलीत बुडवून पुढच्या झाडाकडे गेला.

मी त्या बागेतली डाग पडलेली पानं कागदी पिशव्यांत घालून आणली आहेत. प्रत्येक पिशवीवर झाडाची ओळ, तारीख आणि शेवटची फवारणी कधी केली ते लिहिलंय. भाचीच्या मॅडमनी ती मागितली आहेत. आणि येत्या आषाढीला ६५ एकरात टँकर तपासायला मोकळे हात हवेत असं जुन्या साहेबांनी कळवलंय. ओटीची पेटी मी काढून पुसून ठेवली आहे.